काशीस काय सोडलेत?

काशीयात्रा करून परत आलेल्या मनुष्यास आमच्याकडे पूर्वी पहिला प्रश्न विश्वेश्वराच्या दर्शनाविषयी होत नसे, "काशीस काय सोडलेत?" असा होत असे. काशी-गयेच्या यात्रेत आपल्या आवडीची एखादी भाजी, एखादे फळ कायमचे वर्ज्य करावे असा जुना शिरस्ता आहे, आणि त्याचे पालन आमच्या मंडळींनी किती मुत्सद्दीपणे केले आहे हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने कोणत्याही जुन्या घराण्यातील त्यक्त पदार्थांची यादी मागवून पाहावी. आमच्या मामंजींनी पडवळ सोडले होते, जे त्यांनी उभ्या जन्मात आवडीने खाल्ल्याचे कोणासही स्मरत नव्हते. एका आत्येसासूबाईंनी रामफळ सोडले आणि सीताफळे अखेरपर्यंत निर्वेधपणे खाल्ली. आंबा सोडून आलेला यात्रेकरू मात्र अद्याप माझ्या पाहण्यात नाही. त्यागाच्या ह्या सोयीस्कर परंपरेत वाढलेल्या मला, माझ्या दीड वर्षाच्या नातीने त्याच क्षेत्री, संकठा घाटावरील एका माडीत, आईचे रात्रीचे दूध कसे सोडले हे जवळून पाहावयास मिळाले. तिच्या त्या त्यागात मुत्सद्दीपणाचा लेशही नव्हता. जे होते ते इतके उघड, इतके कर्कश आणि इतके न्याय्य होते की, मोठ्या माणसांच्या व्रतवैकल्यांविषयी माझ्या मनात असलेला आदर त्यामुळे बराच उणावला.

संकठा घाट मणिकर्णिकेच्या उत्तरेस, शिंदे घाटाला लागून आहे. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला तो शेजारचा भव्य घाट आपल्याच पाषाणांच्या भाराने खचला. संकठा घाट त्या मानाने साधा, पायऱ्यांचा, राबता असलेला. त्याच्या बांधकामाचे श्रेय कोणी बडोदेकरांस देतात, तर कोणी बेणीराम पंडितांच्या घराण्यातील स्त्रीस. हे बेणीराम म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे कलकत्त्यातील वकील, ज्यांनी १७८१ साली काशीच्या राजा चेतसिंगाच्या प्रकरणात वॉरन हेस्टिंग्जची पाठराखण केली. थोडे पुढे गेले की भोसले घाट, मग गणेश घाट, जेथे अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित गणपती आहे, मग राम घाट, आणि त्यापलीकडे पंचगंगा, जेथे एकनाथांनी १५७३ साली आपले भागवत पुरे केले असे सांगतात. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट तर मराठी घरांचेच. तात्पर्य, गंगेच्या डाव्या तीराच्या ह्या तुकड्यावर मराठी मनुष्यास आपण परमुलखात आहो असे वाटू नये अशी तजवीज पूर्वजांनी करून ठेविली आहे. आणि माझ्या लेकीचे सासर, जे कैक पिढ्यांपासून येथेच नांदते आहे, ते ह्या तजविजीचाच एक अवशेष होय. ह्या घरातले मराठी फार गोड आहे. आमच्या विहीणबाई पूजेची उपकरणी 'मांजतात', 'घासत' नाहीत, आणि नातीच्या दुधाचा विषय निघाला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "विहीणबाई, आता तुम्हीच आल्या आहात तर पोरीचं दूध छुडवूनच जा."

वास्तविक दूध तोडण्याचा प्रचलित उपाय म्हणजे आईस चार दिवस माहेरी धाडणे. येथे माहेरच सासरी येऊन उतरले होते, त्यामुळे तो मार्ग आपोआप खुंटला.

नात दिवसा उत्तम जेवत असे. वरणभात, पोळीचा कुस्करा, केळे, थंडीत हलवायाकडची मलैयो, जे मिळेल ते. परंतु रात्री अंथरुणास पाठ लागली की तिचा निराळा अंमल सुरू होई. झोपेच्या आधी एकदा, मध्यरात्रीच्या सुमारास एकदा, नंतर पहाटेपर्यंत जेव्हा जेव्हा जाग येईल तेव्हा तेव्हा, अशी तिची वहिवाट होती. आणि ती पिताना तिची उजवी मूठ आईच्या मंगळसूत्रातील एका वाटीवर असे. ती वाटी ती अंगठा आणि तर्जनी ह्यांमध्ये धरून सावकाश फिरवीत असे, सराफ मोहोर पारखतो तशी, आणि फिरवणे थांबले की ओळखावे, झोप लागली. वाटी पदराखाली सापडली नाही तर दूध तोंडात असूनही ती रडे. ही गोष्ट मी पहिल्याच रात्री पाहिली आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आले की, हा मामला केवळ दुधाचा नाही. आईजवळ दूध उरले होते तरी किती? पोटात जाण्याजोगे फारसे नसावे. परंतु वाटी होती, ऊब होती, आणि अंधारात जे आहे ते अजून आहे ह्याची खात्री होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली कारणे मात्र दुधाचीच होती, आणि ती मला पटली. वर्ष उलटल्यावर दिवसाचा आहार पुरेसा असेल तर रात्री शरीरास दुधाची गरज उरत नाही; झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेल्या दुधातील साखर दातांवर बसून राहते आणि वरचे पुढचे दात, जे आधी दिसावेत आणि आधी किडावेत असे त्यांच्या नशिबी आहे, ते काळे पडू लागतात; रात्रभर पोटाची समजूत काढलेले मूल सकाळी भुकेले नसते, मग नाचणी, डाळ, भाजी ह्यांच्या वाट्यास त्याचे लक्ष येत नाही आणि रक्तातील लोह घटते. शिवाय आईचीही बाजू आहे. दूध उत्पन्न करविणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे कमी केल्याखेरीज दूध आटत नाही; आणि माझ्या लेकीच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळे उमटली होती ती पाहून कोणत्याही डॉक्टरच्या सल्ल्याची मला गरज नव्हती. सहा महिने केवळ अंगावरचे दूध, पुढे अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा दिवसाचे पाजणे बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. तोडावयाची होती ती रात्र.

ह्या कामी सल्लागार मंडळ तात्काळ जमले. शेजारच्या वृद्ध काकू म्हणाल्या, काळाबोळ उगाळून लाव, एका रात्रीत तुटेल. दुसरीने कडुलिंबाचा पाला सुचविला, तिसरीने मिरचीचे बोट, आणि मोलकरणीने शेंदूर फासून "भालूने खाल्लं" असे सांगावे ही तोड काढली. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवून घट्ट केलेला रस. त्याच्या कडूपणाची कल्पना ज्यास नसेल त्याने जिभेच्या टोकास लावून पाहावा. हा उपाय चालतो, ह्याबद्दल वाद नाही. आमच्या पिढीतील निम्मी मुले ह्याच उपायाने सुटली असतील. परंतु त्यात मुलास जे शिकवले जाते ते मला कधीच रुचले नाही. त्या मुलास दूध संपले हे कळत नाही, आपण मोठे झालो हेही कळत नाही. कळते ते एवढेच की, ज्या ठिकाणी कालपर्यंत निःशंक तोंड न्यावे असे होते ते ठिकाण आज विश्वासघातकी निघाले. मोठ्यांच्या राजकारणात असे तह मोडले जातात आणि त्यांची कारणे दप्तरी नमूद असतात. मुलाजवळ दप्तर नसते.

ह्याहून वाईट उपायही होऊन गेले आहेत, त्यांची आठवण ह्या नदीच्या काठी बसून न येणे कठीण. मुंबईच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या मजुरांविषयीच्या शाही आयोगाच्या अहवालात त्या प्रकाराची दखल घ्यावी लागली. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पाळणाघर नव्हते, घरी म्हातारे माणूस नव्हते, आणि भोंगा कोणासाठी थांबत नव्हता. सरकारी अफूचा जो मोठा कारखाना, तो काशीहून खाली ह्याच गंगेच्या काठी गाझीपुरास १८२० पासून उभा आहे. येथे शेतकऱ्याकडून पीक घ्यावयाचे, आणि दूरच्या कुठल्या चाळीत एक मूल रडायचे थांबावयाचे, इतका त्या व्यापाराचा पल्ला होता.

आमच्या शास्त्रकारांनी ह्या बाबतीत अधिक सभ्यपणा दाखविला आहे. काशीराज दिवोदास धन्वंतरी हे सुश्रुताचे गुरू असे परंपरा मानते, म्हणून ह्या नगरीत सुश्रुताचे नाव घेणे वावगे नव्हे. त्याने बालकांचे तीन वर्ग केले, एक वर्षापर्यंत केवळ दुधावरचे, दोन वर्षांपर्यंत दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि पुढे अन्नावरचे. वाग्भटाने तर दात आल्यावर मुलास स्तनापासून क्रमाक्रमाने दूर करावे असे स्पष्ट सांगून, दूध सुटलेल्या मुलास संतोष व्हावा म्हणून चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर ह्यांचा मोदक द्यावा असे लिहिले आहे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्यास, हे मूल आज काहीतरी हरवून बसले आहे, त्याच्या हाती दुसरे काहीतरी गोड ठेविले पाहिजे असे वाटावे, ह्याचे मला फार अप्रूप वाटले. मी तो मोदक केला. नातीने लाह्या वेचून खाल्ल्या, चारोळ्या मांजरीस टाकल्या, आणि ज्येष्ठमधाची चव लागताच माझ्याकडे असे पाहिले की, वाग्भटाच्या वतीने मलाच ओशाळे व्हावे लागले. इतर मुलखांतही ह्या संस्काराची बूज आहे. बायबलात इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. कुराणाने पुरती दोन वर्षे पाजण्याची मुदत सांगितली आणि त्याआधी सोडवावयाचे तर आईबापांनी परस्परसंमतीने व विचाराने सोडवावे असे म्हटले. परस्परसंमतीने! आमच्याकडे ह्या विषयात बापास कोणी विचारल्याचे मी ऐकले नव्हते.

कार्याला आरंभ करण्यापूर्वी विहीणबाईंनी लेकीला आणि नातीला संकठामातेच्या पायांवर घालून आणले. शुक्रवार होता, म्हणून गल्लीत नारळ-चुनरीवाल्यांची दाटी होती आणि प्रांगणातील सिंहावर बसण्यासाठी मुलांची झोंबाझोंबी चालली होती. संकठा हीच काशीखंडातील विकटा देवी, असे येथील मंडळी मानतात. आणि त्या विकटेची जी कथा आहे ती मी ह्या निमित्ताने पुन्हा काढून वाचली. अमित्रजित नावाच्या राजाच्या राणीस पुत्र झाला, परंतु तो मूळ नक्षत्रावर. राजाचे कुशल हवे असेल तर ह्या मुलाचा त्याग करावा असा अमात्यांनी सल्ला दिला. राणी मलयगंधिनीने ते मूल दाईच्या हाती दिले आणि विकटा देवीपुढे नेऊन ठेव असे सांगितले. दाईने ठेविले. पुढे योगिनींनी ते मूल मातृकांकडे नेले, मातृकांनी ते पाहून हे राज्यास योग्य आहे असे सांगून परत त्याच पीठावर पोहोचविले, आणि त्याच मुलाच्या तपश्चर्येमुळे येथे वीरेश्वर प्रकट झाला, ज्याच्या दर्शनास आजही पुत्रार्थी दांपत्ये ह्याच गल्लीतून जातात. कथा येथे सुफळ संपूर्ण होते. परंतु पुराणकाराने राणीला त्या रात्री दाईची पाठ दिसेनाशी झाल्यावर काय झाले हे लिहिलेले नाही. तिचे दूध कोठे गेले, कोणी बांधले, किती दिवसांत आटले, ह्यास काशीखंडात एकही श्लोक नाही. धाराऊ गाडे ह्या कापूरहोळच्या बाईने संभाजीराजांना पाजले हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच; परंतु सईबाईंच्या बाजूने तो प्रसंग आपण कोणी पाहिलेला नाही. इतिहासाला दूध पाजणारी दिसते, न पाजू शकणारी दिसत नाही.

लेकीची अवस्था म्हणूनच मी अधिक काळजीने पाहत होते. दूध एकदम तोडले तर छाती दगडासारखी होते, ठणकते, प्रसंगी ताप भरतो आणि गळू होण्यापर्यंत मजल जाते. करकचून फडके बांधण्याची जुनी रीत तर हमखास घातक. म्हणून एकेक वेळ कमी करावयाची, शरीरास आगाऊ सूचना द्यावयाची, जड वाटले तर थोडे हाताने काढून टाकावयाचे आणि वर गार पट्टी ठेवावयाची, असा क्रम ठरला. विहीणबाईंनी मोगऱ्याच्या कळ्या छातीशी बांधण्याचे सुचविले. त्याने दूध आटते अशी समजूत आहे. त्यात काही अपाय नव्हता आणि वास चांगला होता, तेव्हा मी हरकत घेतली नाही.

पहिला बदल असा की, निजण्याआधीचे दूध अंथरुणावर न देता बाहेरच्या सोप्यावर, दिव्याच्या उजेडात द्यावयाचे; मग ओल्या फडक्याने दात पुसावयाचे, मग गोष्ट, मग अंथरूण. दूध आणि झोप ह्यांची जी सांगड होती ती प्रथम सोडविली. ह्यास तिने फारशी तक्रार केली नाही. परंतु मध्यरात्री आईच्या जागी बाप निजलेला पाहून तिने जो आकांत केला, तो खालच्या घाटावर होडीत निजणाऱ्या मल्लाहांनी ऐकला असल्यास नवल नाही. जावईबापू विद्यापीठात शिकवितात, मितभाषी आहेत. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन गच्चीत येरझारा घालावयास सुरुवात केली. घरात एक जुने चांदीचे बोंडले होते, निदान चार पिढ्यांच्या तोंडाला लागलेले, चोचीपाशी पोचा पडलेले. त्यातून तिला पाणी देऊ केले. तिने ते दोन्ही हातांनी धरून आत निरखून पाहिले, पाणीच आहे अशी खात्री करून घेतली, आणि ते शांतपणे बापाच्या कानात ओतले. बोंडले मग जिन्यावरून खणखणत खाली गेले. त्यास आता दुसरा पोचा आहे.

लेक पलीकडच्या खोलीत जागी होती. "आई, मी जाऊ का?" असे तिने मला पुन्हा पुन्हा विचारले, आणि प्रत्येक वेळी मी "नको" म्हणण्यापूर्वीच तिचे तीच "नको" म्हणाली.

आणि गंमत अशी की, ह्याच सुमारास अवघी काशी दूध पीत होती. चौकाच्या बाजूस हलवायांच्या कढया उशिरापर्यंत चुलीवर असतात, त्यांत दूध आटत असते, साय कडेला ओढलेली असते, आणि भलेभले मिशाळ पुरुष मातीच्या पुरव्यातून ते फुंकून फुंकून पितात, वरून सायीचा तुकडा मागून घेतात, आणि मग कोठे झोपावयास जातात. चाळीस-पन्नास वर्षांच्या ह्या मंडळींचे रात्रीचे दूध तोडण्याचा विचार कोणत्याही सल्लागार मंडळाने केल्याचे ऐकिवात नाही. त्यांतलाच एक शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी मला मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "माताजी, बच्ची को रात में दूध नहीं देना चाहिए, आदत पड़ जाती है."

रात्री उलगडू लागल्या त्या मात्र एका अनपेक्षित गोष्टीमुळे. बापाच्या खांद्यावर रडता रडता तिची मूठ त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत गेली आणि तिला जानवे सापडले. तिने ते ओढत ओढत ब्रह्मगाठीपर्यंत आणले, गाठ अंगठा आणि तर्जनी ह्यांमध्ये धरली, आणि फिरवू लागली. मंगळसूत्राची वाटी नव्हे, हे तिला नक्कीच कळले असणार. परंतु गोल होते, ओळखीच्या अंगावर होते, आणि ओढले तरी सुटत नव्हते. फिरवणे हळूहळू मंद झाले. जावईबापू कठड्याशी कसेबसे बसले, मान एका बाजूस ओढलेली, आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. त्यांना ते जानवे बदलावे लागले. पुढचेही लौकरच बदलावे लागले, कारण गाठ उकलण्याची कला तिने आत्मसात केली होती. आजोबांनी ह्याबद्दल धर्मशास्त्रीय आक्षेप काढला, विहीणबाई म्हणाल्या, "तुमचं जानवं नाही ना ओढलं?" आणि तो वाद तेथेच मिटला.

मधल्या वेळचे दूध आधी गेले, पहाटेचे सर्वांत शेवटी. मध्यंतरी तिला सर्दी होऊन ताप आला, तेव्हा सर्व हुकूम रद्द करून तिला आईजवळ परत दिले, आणि ती बरी झाल्यावर काम पुन्हा पहिल्यापासून हाती घेतले. ह्याबद्दल काकूंनी नापसंती व्यक्त केली, डॉक्टरीणबाईंनी केली नाही. दुसऱ्या खेपेस तिने निम्मेच रडून भागविले. आता ती रात्री जागी झाली तर उठून बसते, कोण आहे हे चाचपून पाहते, "गाई" म्हणते आणि पुन्हा आडवी होते. सकाळी मात्र आईच्या मांडीवर हक्काने चढते, आणि तो हक्क तिच्याकडून कोणी काढून घेतलेला नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रसंग यावयाचा असेल त्यांना माझे सांगणे इतकेच की, चैत्र-वैशाखात आणि पावसाच्या तोंडाशी हे काम काढू नये, कारण त्या दिवसांत मुलांची पोटे बिघडतात आणि तेव्हा आईच्या दुधासारखा आधार नाही. मूल आजारी असता, घर बदलत असता किंवा दुसरे भावंड नुकतेच आले असता काढू नये. काळाबोळ घरात आणू नये. दिवसाचे पाजणे उगाच घाईने बंद करू नये. आणि रात्रीच्या पाळीवर बापास बसवावे, तो जानवे घालीत नसला तरी चालेल.